नाईक यशवंत घाडगे आणि दुसरे महायुद्ध

पेण, रोहा भागातील विद्यार्थ्यांना मुंबई-गोवा रस्ता परिचयाचा आहे. पेणहून दक्षिणेकडे निघाले, की रोहा तालुक्यातील नागोठणे व कोलाड ही गावे लागतात. पुढे माणगाव येते. माणगावच्या तहसील कचेरीपाशी एका सैनिकाचा पुतळा आहे. हे नाईक यशवंत घाडगे. ते माणगाव तालुक्यातील पळसगावचे. त्यांना मरण आले ते मात्र हजारो किलोमीटर दूर, इटलीत! पळसगावचा हा तरुण तेथे कसा पोहोचला? हे समजण्यासाठी दुसऱ्या महायुद्धाची हकिकत जाणून घेतली पाहिजे.

पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पराभव झाला. १९१९ साली व्हर्सायचा तह झाला. विजयी राष्ट्रांनी जर्मनीचा काही मुलूख काढून घेतला आणि त्याच्यावर जबर भरपाई लादली. हा अपमान जर्मन लोकांच्या मनात सलत राहिला. त्यातच १९२९ नंतर जगभर मंदी आली. लाखो लोक बेकार झाले. या असंतोषाचा फायदा अ‍ॅडॉल्फ हिटलरने घेतला. १९३३ साली तो सत्तेवर आला. इटलीत मुसोलिनीची हुकूमशाही होती. पूर्वेकडे जपान चीनचा मुलूख बळकावत होता.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. ३ सप्टेंबरला ब्रिटन व फ्रान्स युद्धात उतरले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतही युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. भारतीय पुढाऱ्यांना त्यांनी विचारलेदेखील नाही. १९४१ साली जर्मनीने रशियावर आणि जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर बंदरावर हल्ला केला. युद्ध जगभर पसरले. एका बाजूला हिटलर, मुसोलिनी व जपानचे पंतप्रधान तोजो होते. दुसऱ्या बाजूला ब्रिटनचे चर्चिल, अमेरिकेचे रूझवेल्ट व रशियाचे स्टॅलिन.

भारतात सैन्यभरतीची सक्ती नव्हती. तरीही सुमारे पंचवीस लाख भारतीय सैन्यात दाखल झाले. कोकणात शेती थोडी आणि खाणारी तोंडे जास्त. फौजेत गेलेल्या मुलाची मनीऑर्डर घराला आधार देई. त्याच काळात देश स्वातंत्र्यासाठी झगडत होता. आपल्याच जिल्ह्यातील माथेरानचे भाई कोतवाल इंग्रज सत्तेविरुद्ध लढताना २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. एकाच जिल्ह्यातील दोन तरुण दोन वेगळ्या वाटांनी गेले. दोघांनीही प्राण दिले.

यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर शत्रूच्या मशीनगनचा अगदी जवळून मारा झाला. यशवंत सोडून तुकडीतील सारे जवान ठार किंवा जखमी झाले. यशवंत क्षणभरही थांबले नाहीत. त्यांनी मशीनगनवर धाव घेतली. हातबॉम्ब फेकून ती बंद पाडली. एका सैनिकाला त्यांनी गोळी घातली. मग नव्या गोळ्या भरायलाही वेळ उरला नाही. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांवर तिचे घाव घातले. मोर्चा एकट्याने जिंकला. पण दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत शिरल्या. जिंकलेल्या जागीच त्यांनी प्राण सोडला. तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला.

युद्धाची झळ केवळ सैनिकांनाच लागली नाही. कोकणच्या किनाऱ्यावरील अनेक मुसलमान घरांतील तरुण आगबोटींवर खलाशी म्हणून काम करत. शत्रूच्या पाणबुड्या अशा मालवाहू बोटी बुडवत. या युद्धात सहा हजारांहून अधिक भारतीय खलाशी मृत्युमुखी पडले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या बोटीचा स्फोट होऊन शेकडो माणसे मेली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख लोक दगावले. युद्धामुळे तुटलेला धान्यपुरवठा आणि सरकारची चुकीची धोरणे ही त्याची मोठी कारणे होती. हिटलरच्या राजवटीने साठ लाख ज्यूंची हत्या केली. ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेने हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब टाकले. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीवर सही केली, तोवर जगात सहा कोटींच्या आसपास माणसे मेली होती. युद्ध पुकारणारे थोडे होते. त्याची किंमत मोजणारे असे कोट्यवधी होते.

जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाने यशवंत घाडगे यांचे स्मारक उभारले. हे स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्याचा संदेश आहे. माणगावच्या पुतळ्यावर पडणारे ऊन आणि मोंतोनेच्या घड्याळावर पडणारे ऊन एकाच सूर्याचे असते. माणगावला जाल, तेव्हा त्या पुतळ्यापुढे क्षणभर उभे राहा. एका शूर जवानाला वंदन करा. आणि ज्यांचे पुतळे उभारले गेले नाहीत, त्यांचीही आठवण ठेवा.