आगमनाची वर्दी, निर्गमनाची नोंद

संगणक सुरू होताना जी उपकरणे जोडलेली असतील तीच तो बंद होईपर्यंत कायम राहतील, या गृहीतावर आज्ञावली रचण्याचा जुना प्रघात १९९६ च्या जानेवारीत यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाल्यावर हळूहळू मोडकळीस आला.

मूळ घटना अत्यंत साधी आहे. त्या पहिल्या यूएसबीत पोर्टाकडील दोन्ही माहितीवाहक तारा पंधरा किलोओहमच्या रोधकांनी शून्य दाबाकडे ओढून धरलेल्या असत. उपकरण लागताच त्यातील दीड किलोओहमचा रोधक एका तारेचा दाब चढवी, आणि ती तार कोणती यावरून उपकरणाचा वेगही कळे. परंतु धातूचे स्पर्श बसताना क्षणभर थरथरतात; म्हणून लिनक्सचा कर्नल दर पंचवीस मिलिसेकंदांनी पोर्टाची पाहणी करतो, आणि स्थिती सलग शंभर मिलिसेकंद अविचल राहिली तरच जोडणी रुजू करून घेतो.

ही वर्दी सामान्य प्रोग्रामांपर्यंत पोहोचविण्याचा बंदोबस्त मात्र सहजासहजी झाला नाही. २००१ सालच्या २.४ आवृत्तीत कर्नल प्रत्येक घटनेमागे 'हॉटप्लग' नावाची स्वतंत्र प्रक्रिया सुरू करी. एकामागून एक धाडलेल्या जासुदांपैकी मागचा आधी पोहोचावा, त्याप्रमाणे 'गेले' ही खबर 'आले' या खबरेच्या आधी येण्याचा संभव राही, आणि वर्द्यांना अनुक्रमांक देणे भाग पडले. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी या वर्द्या हाताळणारे 'यूडेव्ह' हे साधन पुढे आणले. २००४ च्या अखेरीस २.६.१० मध्ये कर्नल 'नेटलिंक' या संदेशमार्गावरून प्रोग्रामांना घटना थेट कळवू लागला.

माझ्या मते या साऱ्या इतिहासात खरी कसोटी लागली ती निर्गमनाची. आगमनानंतर उपकरणास त्याचे नाव, निर्माता, अनुक्रमांक विचारता येतात; निर्गमनाची वर्दी हाती येते तेव्हा विचारावयास कोणीच उरलेले नसते, आणि कर्नल जिथे उपकरणांची माहिती मांडतो त्या 'सिसएफएस'मधील त्याचे दप्तरही बहुधा गुंडाळले गेलेले असते. आगमनाच्या वेळीच ओळख टिपून न ठेवणाऱ्या आज्ञावलीस कोण गेले हे सांगता येत नाही. ड्रायव्हरावरील जबाबदारी तर याहून अवघड, कारण उपकरण उपटले गेले तरी एखाद्या प्रोग्रामाने त्याची फाइल उघडीच ठेवलेली असू शकते. अशा वेळी शेवटचा धारक दूर होईपर्यंत संदर्भांची मोजदाद राखून स्मृती जपावी लागते, आणि मधल्या काळातील मागण्यांना 'उपकरण नाही' असे स्पष्ट उत्तर द्यावे लागते.

'यूडेव्ह' २०१२ मध्ये 'सिस्टमडी' या प्रणाली-व्यवस्थापकात विलीन झाले, तरी आज ते वापरणाऱ्यास एक क्रम पाळावाच लागतो: प्रथम वर्दी ऐकू लागावे, मगच हजर उपकरणांची यादी घ्यावी. क्रम उलटला तर दोहोंच्या मधल्या क्षणी आलेले उपकरण कोणत्याच नोंदीत सापडत नाही. सुलट ठेवला तर तेच उपकरण फार तर दोनदा दिसते, आणि दुबार नोंद गाळणे सोपे असते.