तांबड्या दिव्याचा मासा

समुद्रात खाली उतरू लागलं की सगळ्यांत आधी संपतो तो तांबडा रंग. वरच्या थोड्याच मीटरांत पाणी तो शोषून घेतं. निळा मात्र खोलवर पोचतो. त्यामुळे खोल पाण्यातला सगळा व्यवहार निळ्यावर चालतो. तिथले बहुतेक प्रकाशमान जीव निळसर उजेड पाडतात आणि बहुतेकांचे डोळेही तेवढाच टिपतात. तिथल्या कित्येक कोळंब्या लालभडक असतात त्या याच भरवशावर. तांबडा उजेड पोचतच नाही म्हटल्यावर त्यांचं अंग काळं दिसतं आणि शत्रूच्या नजरेतून त्या सुटतात.

हा भरवसा खोटा पाडणारा एक मासा आहे, मॅलॅकॉस्टियस नायजर. इंग्रजीत त्याला स्टॉपलाइट लूजजॉ म्हणतात. १८४८ साली विल्यम एअर्स यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. वीतभर लांबीचा हा काळा मासा साधारण अर्ध्या किलोमीटरहून खोल पाण्यात राहतो. त्याच्या कुळातले अनेक मासे रात्री भक्ष्यामागे वर येतात. हा सहसा खालीच थांबतो.

त्याच्या डोळ्यामागे निळसर हिरवा उजेड देणारं एक इंद्रिय आहे. त्यात विशेष काही नाही, असे दिवे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही असतात. नवल आहे ते डोळ्याखालच्या दिव्याचं. तो तांबडा उजेड देतो, आणि तोही साधासुधा नाही. आत रासायनिक क्रियेतून निर्माण झालेली ऊर्जा आधी एका प्रथिनाकडे जाते आणि ते तांबडं चमकतं. या दिव्यावर तपकिरी गाळणीचा एक पडदा आहे. कमी तरंगलांबीचा प्रकाश तो अडवतो, आणि बाहेर पडतो तो ७०० नॅनोमीटरच्या पलीकडचा, माणसालाही जेमतेम दिसणारा उजेड. गाळणीत बराचसा प्रकाश वाया जातो. अन्नाची सदाच टंचाई असलेल्या जागी एवढी उधळपट्टी परवडते, कारण उरलेला उजेड आसपासच्या जवळजवळ कोणालाच दिसत नाही. भक्ष्यावर झोत पडतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. पाणी हा उजेड लवकर गिळतं, त्यामुळे त्याची धाव फार नसते. जवळचं शोधायला मात्र तो पुरतो.

एडिथ विडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अशा माशांच्या तांबड्या प्रकाशाची मोजमापं प्रसिद्ध केली. पुढे विडर यांनी हीच युक्ती कॅमेऱ्यासाठी वापरली. झगझगीत पांढऱ्या दिव्यांना बिचकून खोल पाण्यातले प्राणी पळून जातात, म्हणून त्यांनी तांबडा दिवा लावला. २०१२ साली जपानच्या ओगासावारा बेटांजवळ महाकाय स्क्विड त्याच्या मूळ ठिकाणी पहिल्यांदा चित्रित झाला, तो अशाच कॅमेऱ्याने.

पण मॅलॅकॉस्टियसला नुसता दिवा असून भागत नाही, तो उजेड स्वतःला दिसायलाही हवा. ॲरिस्टोस्टोमियस आणि पॅकीस्टोमियस हे याचे भाऊबंदही तांबडा उजेड देतात आणि त्यांच्या डोळ्यांत तो टिपणारी रंगद्रव्यं आहेत. मॅलॅकॉस्टियसच्या डोळ्यात तशी रंगद्रव्यं नाहीत, तरी त्याला तांबडं दिसतं. १९९८ मध्ये रॉन डग्लस आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये याचा उलगडा केला. या माशाच्या दृष्टिपटलात हरितद्रव्याच्या कुळातला एक पदार्थ आहे. तो तांबडा प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा डोळ्यातल्या नेहमीच्या रंगद्रव्याकडे सोपवतो. ज्या द्रव्याच्या जोरावर पानं ऊन खातात, त्याचाच सगेसोयरा इथे नजरेचं काम करतो. निसर्गातल्या तडजोडींची यापेक्षा सुंदर गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

हरितद्रव्य प्राण्याच्या शरीरात तयार होत नाही, ते अन्नातूनच यायला हवं. इथे या माशाच्या तोंडाकडे पाहावं लागतं. खालचा जबडा शरीराच्या सुमारे एक चतुर्थांश लांबीचा, वर अणकुचीदार दात, आणि जबड्याच्या दोन फाट्यांमध्ये कातडीच नाही. तोंडाला तळच नसल्यामुळे जबडा पुढे फेकताना पाण्याचा अडथळा कमी होतो. ही सगळी तयारी मोठं सावज धरण्याची. पण ट्रेसी सटन यांनी या माशांच्या पोटातलं अन्न तपासलं, तेव्हा त्यांना मुख्यतः सापडले ते कोपेपॉड, म्हणजे तांदळाच्या कणीएवढे कवचधारी जीव. सटन यांनी २००५ मध्ये मांडलेलं अनुमान असं, की मोठं सावज क्वचितच गाठ पडतं, आणि मधल्या काळात हा मासा तांबड्या उजेडात जवळपासचे कोपेपॉड टिपत राहतो. दृष्टीला लागणारं द्रव्यही त्याला त्यांच्याकडूनच मिळत असावं. तसं असेल तर या माशाला शिकार करायची ती पोटासाठी, आणि पुढची शिकार दिसावी यासाठीही.