ब्राउनसी बेटावरचा पहारा

शाळेच्या शिबिराची चिठ्ठी घरी आली की आईला पहिली काळजी अंथरुणाची आणि दुसरी, सोबतीला कुणाची मुले असतील याची! १९०७ च्या ऑगस्टात बेडन-पॉवेलसाहेबांनी इंग्लंडातल्या या बेटावर वीसेक मुले नेली ती मुद्दाम मिसळून: काही ईटनसारख्या बड्या शाळांतली, काही पूल-बोर्नमथकडची, साध्या घरची. चार टोळ्या, नायकही मुलांतलाच. रोज रात्री एक टोळी कणीक, बटाटे, मांस घेऊन दूर मुक्कामाला जाई. स्वयंपाक आपला, पहाराही आपला. अकराच्या आत केव्हातरी इतर नायक आणि खुद्द साहेब अंधारातून दबकत येत. पहारेकऱ्याने डुलकी काढली, तर नाक साऱ्या टोळीचे कापले जाणार. मग बाप लॉर्ड की कामगार, हे कोण पुसतो? अकरानंतर पहारे उठत नि टोळी घोंगड्या ओढून झोपी जाई.