लाईट गेली, तरी गिझरचे झाकण बेफिकीर उघडू नका

भूम तालुक्यातील ईटसारख्या बालाघाटाच्या पठारावरील गावांत आता न्हाणीघरात छोटा इन्स्टंट गिझर दिसू लागला आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असले, की तापलेल्या कॉइलवर त्यांचा पांढरा थर बसतो. पाणी कोमट येऊ लागते. मग घरातलेच कुणीतरी झाकण उघडून पाहायला बसते, आणि त्यासाठी लाईट गेल्याची वेळ निवडते. इथेच फसगत होते.

लाईट गेली म्हणजे तार निर्धोक झाली, असे नाही. पुरवठा कोणत्याही क्षणी परत येतो. घरात इन्व्हर्टर असेल, तर काही तारांत वीज खेळतच असते. गिझरचे बटण बंद ठेवणेही पुरेसे नाही. वायरिंग करताना बटण चुकून न्यूट्रलवर बसवले गेले असेल, तर बटण बंद असतानाही फेज झाकणाच्या आतपर्यंत पोहोचलेला असतो. गिझर चालत नाही, पण हात लागला तर झटका बसतो.

धोका किती, हे साधे गणित सांगते. कोरड्या त्वचेचा विद्युतरोध कित्येक हजार ओहम असतो. ओल्या अंगाचा तो सुमारे 1000 ओहमपर्यंत उतरू शकतो. 230 व्होल्टला अशा शरीरातून सुमारे 230 मिलिअँपिअर प्रवाह जातो. 100 मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाहही छातीतून गेल्यास काही सेकंदांत हृदयाची लय बिघडवू शकतो. 16 अँपिअरचा एमसीबी या प्रवाहाच्या सुमारे सत्तरपट क्षमतेचा असतो, त्यामुळे तो पडत नाही. तो वायरिंग वाचवतो, माणूस नव्हे. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पक्के अर्थिंग हवे.

झाकण काढण्यापूर्वी गिझरची पिन सॉकेटमधून उपसावी. पिन नसून तारा थेट जोडलेल्या असतील, तर घराचा मेन स्विच बंद करावा, इन्व्हर्टरही बंद करावा आणि कुणी मेन चालू करणार नाही अशी तजवीज करावी. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून घ्यावा, मग गिझरच्या तारांना लावावा. खराब टेस्टरही पेटत नाही, म्हणून ही आधीची तपासणी महत्त्वाची. हात आणि जमीन कोरडी हवी, पायांत रबरी चप्पल हवी. पाण्याचा कॉक बंद करून गिझर थंड होऊ द्यावा. झाकण ओढू नये. आत त्याला तार जोडलेली असू शकते. तारांच्या जागांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

परत बसवताना रबरी गॅस्केट खोबणीत नीट बसली पाहिजे, नाहीतर शिंतोडे आत जातात. झाकणाखाली तार चिमटली जाऊ नये. हिरवी अर्थिंगची तार सुटी राहिली, तर ते काम अपुरेच. सर्व स्क्रू घट्ट केल्यावर कॉक उघडावा, नळाला पाण्याची धार लागल्यावरच वीज चालू करावी. कोरडी कॉइल तापली तर जळते.

वितळलेली तार, काळवंडलेले टर्मिनल किंवा नळाला मुंग्या येणे यांपैकी काही दिसले, तर गिझर बंद ठेवावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. बादलीतल्या हिटर रॉडलाही नियम तोच: आधी पिन काढायची, मगच पाण्यात बोट घालायचे.

कुणाला शॉक बसलाच, तर त्याला हात लावू नये. आधी मेन बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने माणूस दूर करावा. मग 108 वर फोन करावा. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये.