घास कोणाच्या हाताचा?

उष्टावण आपल्याकडे थाटात होते. मुलगा असेल तर सहावा किंवा आठवा महिना, मुलगी असेल तर पाचवा किंवा सातवा, असा सम-विषम हिशेब मांडतात, मामाच्या मांडीवर बाळाला बसवतात, चांदीच्या वाटीतली खीर त्याच्या ओठांना लावतात आणि फोटो काढतात. त्यानंतरच्या सहा महिन्यांबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. नाचणीच्या सत्त्वापासून भाकरीच्या तुकड्यापर्यंत बाळाने कसे पोहोचायचे, याला ना विधी ना मुहूर्त. घरातली खरी भांडणे नेमकी याच काळात होतात.

आमच्याकडेही झाले. नात आठ महिन्यांची होती. पत्नीचा रिवाज ठरलेला. तांदूळ आणि मूगडाळ भाजून, दळून केलेले खिमट, वरणाचे पाणी, गुरगुट्या भात. तो भातही चाळणीवर घासून. एके दिवशी सुनेने वाफवलेल्या लाल भोपळ्याची बोटाएवढी फोड नातीच्या मुठीत दिली. तिने ती दाबली, चोखली, कपाळाला फासली, उरलेली तोंडात घातली आणि ओकारी काढल्यासारखा आवाज केला. पत्नी धावली. "अगं, घशात अडकेल तिच्या! दात तरी आलेत का?" सून म्हणाली, "आई, थांबा जरा. तिचं तिला काढू दे." फोड बाहेर आली. पुढचे दोन दिवस दोघी कामापुरते बोलत होत्या.

पत्नीच्या भीतीला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही. ती लहान असताना तिच्या माहेरी शेजारचे दीड वर्षाचे मूल श्वासनलिकेत शेंगदाणा जाऊन दगावले. ते घर, तो आक्रोश तिला अजून आठवतो. पण बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला एक खोड असते; एका खात्याची थकबाकी तो दुसऱ्या खात्यावर टाकू देत नाही. शेंगदाण्याची भीती शेंगदाण्याच्याच नावे लिहायला हवी, भोपळ्याच्या नावे नव्हे. शेंगदाणा कठीण, गोल आणि गुळगुळीत. नीट शिजलेला भोपळा दोन बोटांत धरून दाबला की त्याचा लगदा होतो. हिरड्यांनाही तेवढे जमते. बाळाचे समोरचे दात तसेही चावण्याच्या कामाचे नसतात, आणि चावणाऱ्या दाढा यायला वर्ष उलटावे लागते. दातांची वाट पाहायची तर मूल चालायला लागेपर्यंत पेजेवरच राहील.

ओकारीसारख्या त्या आवाजाचेही असेच आहे. सहा-सात महिन्यांच्या बाळाची ओकारीची जागा मोठ्या माणसापेक्षा जिभेवर बरीच पुढे असते. घास मागे सरकण्याआधीच ती त्याला बाहेर ढकलते. मूल खोकते, लाल होते, आवाज करते; हा पहारेकरी जागा असल्याचा आवाज. घास खरोखर अडकला तर आवाजच येत नाही. रडू फुटत नाही, खोकला येत नाही, ओठ निळे पडू लागतात. तेव्हा तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, घास आणखी आत जातो. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळव्याने पाच थापा द्याव्यात. नाही निघाले तर उताणे करून छातीच्या मधोमध पाच दाब, आणि पुन्हा थापा. दरम्यान दुसऱ्या कोणी मदतीला फोन करावा. घरातल्या प्रत्येकाने, आजोबांनीसुद्धा, हे आधीच शिकून ठेवावे.

उशीर केला तर काय बिघडते? इलिंगवर्थ आणि लिस्टर या डॉक्टरांनी १९६४ मध्येच लिहून ठेवले की चावायला शिकण्याचा एक काळ असतो; तो हुकला की मूल गुठळीचा पदार्थ तोंडात धरून बसते किंवा थुंकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही आठव्या महिन्यापर्यंत बहुतेक बाळे हाताने धरून खाऊ शकतात, आणि गुठळीचे अन्न दहा महिन्यांच्या पुढे ढकलले तर पुढे खाण्याच्या तक्रारी वाढू शकतात, असे म्हटले आहे. चार वर्षांचे होऊनही मिक्सरमधून काढलेला वरण-भात खाणारी मुले आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत.

गंमत म्हणजे या वयाला साजेसे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत. वरणफळे घ्या. डाळीत शिजून मऊ झालेली, हातात धरण्याजोगी आणि डाळ सोबत घेऊनच येणारी. मऊ धिरड्याच्या पट्ट्या, इडलीचे लांबट तुकडे, उकडलेले रताळे, पिकले केळे. सुरुवातीला बाळ मुठीने धरते, म्हणून तुकडा मुठीबाहेर डोकावेल इतका लांब हवा. नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमू लागली की मऊ शिजलेले वाटाणे, किंचित चेपून. नुसत्या भोपळ्यावर मात्र भागत नाही. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा सरत आलेला असतो. डाळ, अंडे, चालत असेल त्या घरात मासे-मटण, हे हवेच. मीठ-साखर वर्षभर नको. मधही नको, त्यातून लहान बाळांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. द्राक्षे उभी चार फाकी करूनच द्यावीत, आणि कच्चे गाजर अजिबात नको.

शेंगदाण्याचीच गोष्ट निघाली आहे तर सांगतो. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत देऊ नये, हे पत्नीचे म्हणणे डॉक्टरही मानतात. पण २०१५ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी ॲलर्जीचा धोका असलेल्या ६४० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना पहिल्या वर्षापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित मिळाले, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी कमी आढळली. म्हणजे दाणा नको, पण खिमटात कालवलेले अगदी बारीक कूट चालेल. अंगावर इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. हे वाचून दाखवले तेव्हा पत्नीने कूट स्वतः दोनदा चाळले, आणि दाण्यांचा डबा माळ्यावर ठेवला.

एक अडचण मात्र कोणत्याच मार्गदर्शनाने सुटत नाही. चमच्याने भरवायला दहा मिनिटे लागतात. हाताने खाऊ दिले की पाऊण तास जातो, वर फरशी पुसावी लागते ती वेगळी. शिवाय सबंध वेळ मोठ्या माणसाने समोर बसून राहायचे असते. नऊची लोकल पकडणाऱ्या आईकडे तो वेळ नाही. पाळणाघरात एकटी बाई पाच-सहा मुले सांभाळते, तिच्याकडे तर नाहीच. आमच्याकडे सध्या सकाळी चमचा चालतो आणि संध्याकाळी हात. संध्याकाळच्या जेवणाला समोर बसण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वर्तमानपत्राचे जुने अंक खाली पसरायला उपयोगी पडतात.