जिंकणारा क्लब बंद का झाला? महिंद्रा युनायटेड आणि आपल्या शाळेतला फुटबॉल



परवा परिपाठात मुलांना मुंबईच्या महिंद्रा युनायटेड या फुटबॉल क्लबची माहिती सांगत होतो. क्लब २०१० मध्ये बंद झाला म्हटल्यावर सातवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, हरत होते का?" मी म्हणालो, "नाही रे, चांगले जिंकत होते." लगेच दुसरा, "मंग कामून बंद केला?" घंटा झाली आणि उत्तर राहून गेलं. ते इथे लिहितो. तुम्हालाही वर्गात उपयोगी पडेल.

क्लबची ओळख

महिंद्रा कंपनीने १९६२ मध्ये हा संघ सुरू केला. कंपनी जीप बनवायची, म्हणून लोक खेळाडूंना 'जीपमेन' म्हणायचे. संघाचं मैदान म्हणजे दक्षिण मुंबईतलं कुपरेज. ड्युरँड चषक ही १८८८ पासूनची, देशातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. ती महिंद्राने १९९८, २००१ आणि २००८ अशी तीनदा जिंकली. फेडरेशन चषक २००३ आणि २००५ मध्ये मिळवला. २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली राष्ट्रीय फुटबॉल लीगही जिंकली. २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झालेले खालिद जमील याच क्लबकडून खेळलेले.

मग बंद का?

आधी व्यावसायिक क्लब म्हणजे काय ते पाहू. तिथे खेळाडूला करार करून पगार देतात. त्याशिवाय प्रशिक्षक, डॉक्टर, मैदान, प्रवास, राहणं-खाणं हा सगळा खर्च असतो. तिकिटं, प्रायोजक आणि टीव्हीचे हक्क यांतून पैसा यावा अशी अपेक्षा असते. आपल्याकडे तो फारसा येत नव्हता, त्यामुळे कंपनीच्या संघाचा भार कंपनीवरच. खर्च करणारा एक आणि निर्णय घेणाराही एकच. कंपनीने ठरवलं की मोठा संघ चालवण्याऐवजी शालेय फुटबॉलवर लक्ष द्यायचं, आणि ४८ वर्षांचा क्लब थांबला. कंपनीने फसवलं असं म्हणता येणार नाही, पैसा तिचाच होता. पण 'आमचा क्लब बंद करू नका' असं हक्काने म्हणू शकणारे सभासद या क्लबला नव्हते.

आता कोलकात्याचा मोहन बागान बघा. स्थापना १८८९. २९ जुलै १९११ रोजी त्यांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या इंग्रज पलटणीच्या संघाला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, तीही बहुतेक खेळाडू अनवाणी असताना! या क्लबनेही पडते दिवस पाहिले, मालकीत वाटेकरी आले, नावापुढे शब्द जोडले गेले. पण क्लब टिकला, कारण त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे सभासद आणि चाहते आहेत. आपल्या कोल्हापुरात तर पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. तिथे आजोबा, बाप आणि नातू एकाच संघासाठी ओरडतात.

मुलांना हे पटवायला लांब जायची गरज नाही. हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचा सार्वजनिक दसरा दीडशेहून जास्त वर्षं चालू आहे. का? तो कुणा एकाचा नाही. दरवर्षी जुने लोक नव्यांना काम शिकवतात.

आपल्या शाळेचं काय?

इथे एक कबुली देतो. सप्टेंबर २०१७ मध्ये, १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवला गेला. मी तेव्हा ज्या शाळेत होतो तिथेही चेंडू आले. पोरं दिवसभर नुसती धावत होती. दुसऱ्या दिवशी चेंडू डेडस्टॉक रजिस्टरला चढले आणि कपाटात गेले. फुटला तर नोंद कशी करायची, ही भीती! दोन वर्षांनी कपाट उघडलं तर चेंडूतली हवा गेलेली, पंपही नाही. चूक आमचीच. चेंडू आला होता, पण तो कोणाचा हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

आता मी एवढंच करतो:

१. चेंडू आणि पंप सातवीच्या दोन मुलांच्या आणि दोन मुलींच्या ताब्यात. किल्लीही त्यांच्याकडेच.
२. आनंददायी शनिवारी सातवीची मुलं पाचवीला शिकवतात. मी फक्त शिट्टी वाजवतो.
३. शाळा सोडताना सातवीने सहावीला चेंडू द्यायचा आणि वहीत दोघांच्या सह्या.

पालकहो, तुमच्याकडूनही थोडी मदत हवी. पंपाची पिन हरवली तर वीस-पंचवीस रुपये वर्गणी काढा. शनिवारी अर्धा तास मैदानाच्या कडेला येऊन उभे राहा. कोणीतरी बघतंय म्हटल्यावर पोरं दुप्पट जोरात खेळतात.

परवा त्या पोराला उत्तर दिलं. तो जरा वेळ विचार करत बसला, मग म्हणाला, "सर, तुमची बदली झाली तर आपला खेळ बंद पडंल का?"

मी वही त्याच्या हातात दिली. तुमच्या शाळेत हा प्रश्न कुणी विचारला, तर तुमचं उत्तर काय असेल? जरूर कळवा.