प्रस्तावनेची साक्ष

'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये तीन खंडांत निघाली. प्रती अवघ्या ५००, आणि लेखकाचं नाव कुठेच नाही. सुरुवातीला एक छोटी प्रस्तावना होती. तिच्यात बोलणारा 'मी' सांगतो की, ही गोष्ट १८१६च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या परिसरात सुचली. पाऊस थांबत नव्हता, मित्रमंडळी संध्याकाळी शेकोटीपाशी बसून जर्मन भुताखेतांच्या कथा वाचत होती, आणि त्यातूनच प्रत्येकानं एकेक कथा लिहायचं ठरलं. भाषा भारदस्त आणि जराशी सावध. नुसतं घाबरवणं हा आपला हेतू नाही, असा खुलासाही त्यात आहे. हा 'मी' म्हणजे लेखक, असंच कोणीही समजेल. प्रत्यक्षात कादंबरी मेरी शेलीची होती आणि प्रस्तावना तिच्या नवऱ्यानं, कवी पर्सी शेलीनं, तिच्या वतीनं लिहिली होती.

वॉल्टर स्कॉट फसला. 'ब्लॅकवुड्स' मासिकात परीक्षण लिहिताना त्यानं कादंबरी पर्सीचीच असावी असं धरलं. लेखिका मी आहे, हे त्याला पत्र लिहून कळवायची वेळ मेरीवर आली.

१८२३ मध्ये या कथेवरचं नाटक लंडनच्या रंगभूमीवर चाललं. ती हवा पाहून मेरीच्या वडिलांनी, विल्यम गॉडविननी, दुसरी आवृत्ती काढवली. तिच्यावर मेरीचं नाव आलं. पण आपण सगळे ओळखतो ती प्रस्तावना त्यानंतरची, १८३१च्या आवृत्तीतली. बेंटली यांच्या 'स्टँडर्ड नॉव्हेल्स' या स्वस्त मालेत कादंबरी घ्यायची ठरली, आणि ही कथा कशी सुचली ते लिहा, अशी मागणी प्रकाशकांनी केली. मेरी हे स्वतःच सांगते. मागणीत व्यापारही होताच. लेखकाकडून नवा मजकूर मिळाला, तर जुनं पुस्तक नवं म्हणून विकता येतं. ही युक्ती आजच्या प्रकाशकांनाही चांगली ठाऊक आहे.

मेरीनं जे लिहिलं ते विलक्षण वाचनीय आहे. कवी बायरननं कथांची पैज लावली. रोज सकाळी तिला विचारलं जाई, 'सुचलं का काही?', आणि रोज तिला मान खाली घालून 'नाही' म्हणावं लागे. मग एका रात्री गप्पा जीवनाच्या मूलतत्त्वावर आल्या. झोप लागेना, खिडकीच्या झडपांतून चांदणं आत येत होतं, आणि मिटल्या डोळ्यांपुढे तो विद्यार्थी उभा राहिला, स्वतः घडवलेल्या देहाशेजारी गुडघे टेकलेला.

आता ही साक्ष तपासून पाहू. त्या मंडळीत बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी होता. त्याची रोजनिशी १९११ मध्ये छापली गेली. १७ जूनच्या नोंदीत तो लिहितो की, माझ्याखेरीज सगळ्यांच्या कथा सुरू झाल्या आहेत. मग मेरीची ती रोजची नामुष्की कधीची? मेरी म्हणते, आम्ही चौघं होतो. पण तिथे पाचवी व्यक्तीही होती. मेरीची सावत्र बहीण क्लेअर क्लेअरमाँट, बायरनच्या मुलाची आई होऊ घातलेली. १८३१ पर्यंत पॉलिडोरी, पर्सी आणि बायरन तिघेही वारले होते. त्या मंडळीतली मेरीखेरीज जिवंत असलेली एकमेव साक्षीदार क्लेअर, आणि नेमकी तीच प्रस्तावनेत नाही! अब्रूचा प्रश्न असावा.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मेरी म्हणते, मी फक्त भाषा सुधारली, कथेला हात लावला नाही. दोन आवृत्त्या शेजारी ठेवा. १८१८ मध्ये एलिझाबेथ ही नायक व्हिक्टरची सख्खी आतेबहीण आहे. १८३१ मध्ये ती गरीब शेतकऱ्याच्या घरी वाढलेली, दत्तक घ्यावी तशी आणलेली परकी मुलगी झाली. व्हिक्टर पहिल्या आवृत्तीत स्वतःच्या निर्णयांनी बुडतो. तिसऱ्या आवृत्तीत त्याच्या तोंडी नशिबाची भाषा येते. हे भाषेचे बदल नव्हेत. नवरा आणि तीन मुलं गमावलेल्या चौतीस वर्षांच्या बाईनं एकोणिसाव्या वर्षी लिहिलेलं पुस्तक नव्यानं वाचलं, असं मी म्हणेन.

पर्सीचं आपल्यावर एकाही प्रसंगाचं ऋण नाही, हेही तिनं तिथेच लिहून ठेवलं आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातल्या हस्तलिखितावर चार्ल्स रॉबिन्सन यांनी काम केलं. कादंबरीच्या सुमारे ७२,००० शब्दांपैकी चार ते पाच हजार पर्सीचे, असा त्यांचा हिशेब आहे. म्हणजे मेरी बव्हंशी खरी. चांदण्याबाबतही ती खरीच ठरावी. टेक्सासचे खगोल-अभ्यासक डोनाल्ड ओल्सन यांनी २०११ मध्ये गणित मांडून दाखवलं की, १६ जूनच्या पहाटे दोनच्या सुमारास चंद्र टेकडीवर चढून तिच्या खिडकीत आला असता. गंमत अशी की, पाऊस दोन्ही प्रस्तावनांत आहे, पण त्याचं कारण दोन्हींत नाही. ते होतं १८१५ मध्ये इंडोनेशियात फुटलेला तांबोरा ज्वालामुखी.

ही एकट्या मेरीची कथा नव्हे. होरेस वॉलपोलनं 'कॅसल ऑफ ऑट्रँटो'च्या पहिल्या आवृत्तीत जुन्या इटालियन पुस्तकाचा अनुवाद असल्याची थाप मारली, आणि पुस्तक खपल्यावर १७६५च्या दुसऱ्या आवृत्तीत ती कबूल केली. शार्लट ब्राँटेनं 'जेन एअर'ची दुसरी आवृत्ती थॅकरेला अर्पण केली. कादंबरीतल्या नायकासारखीच त्याचीही पत्नी वेडी आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि लंडनमध्ये नको त्या वावड्या उठल्या. ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'ची प्रस्तावना तर १९४५ मध्ये छापलीच गेली नाही. ती १९७२ मध्ये उजेडात आली. घोडागाडी हाकणाऱ्या, घोड्याला चाबकानं मारणाऱ्या पोरावरून ऑर्वेलला या पुस्तकाची कल्पना सुचली, हे आपल्याला कळतं ते १९४७च्या युक्रेनियन आवृत्तीमुळे. तिच्या प्रस्तावनेचा मूळ इंग्रजी मजकूर हरवला आहे. आज जो वाचतो तो युक्रेनियनवरून परत इंग्रजीत आणलेला.

लेखकाची नंतरची प्रस्तावना कादंबरीच्या जन्माचा दाखला म्हणून वाचू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती लिहिली जाते त्या वर्षाचा तो दस्तऐवज असतो, आणि म्हणूनच मोलाचा. पण हे मोल कळायला सगळ्या प्रस्तावना हाताशी हव्यात, तारखेसकट.

आपल्याकडे खांडेकरांसारख्या लेखकांनी प्रस्तावना मनापासून लिहिल्या. पण पुनर्मुद्रणाला 'आवृत्ती' म्हणायची आपली सवय मोठी. त्यात जुनं मनोगत वगळलं गेलं किंवा तारखेविना छापलं गेलं, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मराठी प्रकाशकांना एवढीच विनंती आहे: नवी प्रस्तावना जरूर घ्या, पण जुन्या काढू नका. प्रत्येकीखाली वर्ष आणि आवृत्तीचा क्रमांक छापा. मजकुरात लेखकानं बदल केले असतील, तर तेही लिहा. चार पानांचा कागद जास्त लागेल.